विचारायचं कुणाला?

जनमताचं मोजमाप : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण प्रश्नाची शब्दरचना पाहिली. आज नमुन्याकडे वळू, आणि त्यासाठी दिल्लीची सम-विषम योजना घेऊ.

हवेचं प्रदूषण कमी व्हावं म्हणून १ ते १५ जानेवारी २०१६ या काळात दिल्लीत सम तारखेला सम क्रमांकाच्या आणि विषम तारखेला विषम क्रमांकाच्या खासगी मोटारींनाच परवानगी होती. दंड २,००० रुपये. दुचाकी आणि सीएनजीवरच्या गाड्यांना सूट होती. योजना पुन्हा आणावी का, हे सरकारने मग लोकांना विचारलं : मिस्ड कॉल, ई-मेल, ऑनलाइन अर्ज, वस्त्यांमधल्या सभा. १५ एप्रिलला दुसरी फेरी सुरू झाली.

नागरिकांना विचारावंसं वाटलं, हे चांगलंच झालं. पण मिस्ड कॉल द्यायला मुद्दाम कोण उठतं? ज्याला योजना फार पटली तो, किंवा जिचे त्यामुळे फार हाल झाले ती. बाकीचे गप्प राहतात. असे प्रतिसाद लाखांनी आले तरी त्यांतून शहराचं मत कळत नाही. अमेरिकेत १९३६च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या. त्यावरून त्यांनी लँडन यांचा विजय वर्तवला. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्यं जिंकली.

म्हणून माणसं आपण निवडायची, त्यांनी स्वतः पुढे यायची वाट पाहायची नाही. दिल्लीच्याच सीएसडीएस संस्थेतला ‘लोकनीती’ हा अभ्यासगट (पुण्याचे सुहास पळशीकर त्याच्या धुरीणांपैकी एक) आपल्या निवडणूक अभ्यासांत असंच करत आला आहे. आधी मतदारसंघ, मग मतदान केंद्रं, मग मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं निवडायची आणि घरी जाऊन मुलाखत घ्यायची. दार बंद असेल तर शेजाऱ्यावर भागवायचं नाही, पुन्हा जायचं. जे सहज भेटतात तेवढ्यांनाच विचारलं, तर दिवसभर कामावर असणारे निसटतात.

अशा रीतीने निवडलेल्या १,००० जणांच्या उत्तरांत साधारण ३ टक्क्यांची चूक गृहीत धरावी लागते. धोरणाच्या चाचणीत मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. २०११च्या जनगणनेनुसार दिल्लीत पाचांपैकी जेमतेम एका कुटुंबाकडे मोटार होती. म्हणजे ‘बहुसंख्यांचा पाठिंबा’ हा बराचसा ज्यांना काहीच सोडावं लागत नाही त्यांचा असू शकतो. मोटारवाल्यांचं मत वेगळं मांडायला हवं. पण १,०००च्या नमुन्यात ते २००च्या आसपास सापडतील आणि चूक ७ टक्क्यांवर जाईल. त्यामुळे त्यांच्या जास्त मुलाखती घ्यायच्या आणि एकूण आकडा काढताना त्यांचा वाटा पुन्हा लोकसंख्येच्या प्रमाणात आणायचा.

त्याहून अवघड प्रश्न सीमेवर आहे. नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबादहून रोज दिल्लीत येणाऱ्या मोटारींनाही हाच नियम होता. त्यांच्या मालकांची नावं दिल्लीच्या मतदार यादीत नाहीत. ज्यांचं नाव अजून गावच्या यादीत आहे, असे दिल्लीतले असंख्य कामगारही तिथे सापडत नाहीत. धुराचा त्रास मात्र त्यांनाही होतो.

यादी हाती घेण्याआधीच ठरवायला हवं : या धोरणाची झळ कुणाला, लाभ कुणाला? त्या सगळ्यांना निवडलं जाण्याची संधी असेल, तरच चाचणीच्या निकालाला जनमत म्हणावं. निकालाची बातमी वाचताना ‘किती जणांना विचारलं’ याआधी ‘कुणाला विचारलंच नाही’ हे शोधा.

पुढच्या आठवड्यात : मुलाखत घेणारा दारात उभा राहतो तेव्हा.