साखर विकली, मग ऊसबिल अडले कुठे?



उमरखेड, पुसद, महागाव भागात शिवारफेरीला गेलो की एक प्रश्न आम्हांस हमखास ऐकावा लागतो : "साहेब, साखर विकली म्हणता, पोती तर गोदामातच दिसतात. मग आमचं बिल अडलं कुठं?" आमचे खाते उसाचे, विक्रीचे नव्हे. पण उत्तर द्यायलाच हवे, म्हणून विक्री विभागात बसून संगणकावरचे काम आम्ही समजून घेतले.

तुमची ऊस नोंद, तोडचिठ्ठी आणि काटा पावती डोळ्यांपुढे आणा. नोंद झाली म्हणजे ऊस काट्यावर आला असे होत नाही. साखरेचेही तसेच. विक्री आदेश ही नोंद, डिलिव्हरी ऑर्डर ही तोडचिठ्ठी आणि माल भरल्यावर निघणारे बीजक ही काटा पावती.

निविदेत दर मंजूर झाला की संगणकात विक्री आदेश तयार करतात. त्यात व्यापाऱ्याचे नाव, जीएसटी क्रमांक, हंगाम, साखरेची प्रत (एस-३० की एम-३०), क्विंटल, दर व उचलीची मुदत भरतात. मंजुरीपूर्वी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एक, केंद्र सरकारने जून २०१८ पासून पुन्हा सुरू केलेला महिन्याचा कोटा. दुसरी, किमान विक्री दर. तो २०१८ मध्ये किलोला २९ रुपये होता, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाला. लागू असलेल्या किमान दराखाली आदेश काढता येत नाही.

समजा, ३,५०० रुपये दराने ५०० क्विंटलचा आदेश झाला. म्हणजे ५० किलोची १,००० पोती, किंमत साडेसतरा लाख. पहिल्या ट्रकने ४०० पोती नेली. बीजक तेवढ्याचेच : सात लाख, शिवाय ५ टक्के जीएसटीचे ३५,००० रुपये, आणि ते सरकारचे. उरलेली ६०० पोती गोदामात दिसतात, पण ती दुसऱ्याला देता येत नाहीत. साठ्यातून ही बाकी वजा करूनच पुढचा आदेश काढावा. नाहीतर एकच पोते दोघांना विकले जाते!

मुदत संपली तर मुदतवाढ द्यावी, नाहीतर आदेश रद्द करून साखर दुसऱ्यास विकावी. आदेश नुसता उघडा पडून राहिला तर महिना सरतो आणि कोट्यातली साखर जागेवरच राहते. त्यातच साखर बँकेकडे तारण असेल तर आलेल्या पैशातून आधी बँकेचा वाटा जातो. उरते त्यातून ऊसबिल.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे व उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याजाचे बंधन घातले. म्हणून टेबलावरचा एक अर्धवट आदेशही तुमच्या घरापर्यंत पोचतो.

तेव्हा वार्षिक सभेत "साखर किती विकली?" एवढेच विचारून थांबू नका. आदेश कितीचे झाले, उचल किती झाली आणि पैसे किती जमा झाले, हे तिन्ही आकडे मागा. तो तुमचा हक्क आहे.