माल लेट होतोय, पार्टीला कधी सांगणार?

शाळेच्या गणवेशाचे काम घेणाऱ्या आपल्या कारखानदार बंधूंचे मे-जूनचे दिवस कसे जातात, हे सांगायला नको. २०२५ साली तर बकरी ईद ७ जूनला आली आणि राज्यातल्या बहुतेक शाळा १६ जूनला उघडल्या. कारागीर ईदला गावी, मशीन बंद आणि दुकानदाराचा माणूस दारात! हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने ईद दरसाल मागे सरकते. कॅलेंडरात ते आधीच दिसते, पण ऑर्डर घेताना पाहणारे थोडेच.

उशीर कोणालाही होतो. आमची तक्रार वेगळी आहे. काम अडल्याचे काज-बटणवाल्याला सोमवारी कळते, मुकादमाला गुरुवारी, मालकाला शनिवारी आणि पार्टीला थेट डिलिव्हरीच्या दिवशी. तोवर सगळीकडून एकच उत्तर, ‘इन्शाअल्लाह, परवा होईल.’ एवढा पाक शब्द आपण टाळाटाळीला वापरावा, याची आम्हाला खंत वाटते. अर्थात कारागीरही काय करणार? खरे सांगितले की शिव्या आणि उचलीचा हिशेब, हाच त्याचा अनुभव.

रोज मगरीबनंतर पाच मिनिटे नग मोजावेत. कटिंग किती, शिलाई किती, प्रेस किती. समजा १२०० शर्ट १० दिवसांत द्यायचे आहेत. तिसऱ्या संध्याकाळी ३६० हवेत आणि तयार आहेत २५०. या चालीने उरलेल्या ९५० नगांना ११-१२ दिवस लागतील, हातात ७ आहेत. मग त्याच रात्री ठरवावे: काही माल दुसऱ्या जॉबवर्कवाल्याकडे द्यायचा, की पार्टीला फोन करायचा. फोनवर रडगाणे नको. ‘प्रत्येक साईजचे अर्धे नग तारखेला देतो, बाकीचे अमुक दिवशी,’ असे सांगावे. सगळे साईज हाती आले की दुकानदाराची विक्री तरी सुरू होते.

कबूल झालेली नवी तारीख लिहून घ्यावी, मोबाईलवर का होईना. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ प्रमाणे माल घेणारा मुदत वाढवू शकतो. मुदतीलाच महत्त्व असलेल्या सौद्यात तारीख चुकली, तर कलम ५५ नुसार तो सौदा रद्दही करू शकतो. पण उशिरा आलेला माल त्याने घेतला आणि घेताना नुकसानभरपाई मागणार असल्याचे कळवले नाही, तर त्या उशिराची भरपाई त्याला नंतर मागता येत नाही. म्हणून माल उतरवताना चलनावर त्याची सही आणि तारीख घ्यायला विसरू नये.