कड्यांखालचे सपाट छत

ब्रिटनमधील व्हिक्टोरियाकालीन घरांत कड्यांच्या, म्हणजे वरच्या मजल्याची जमीन पेलणाऱ्या समांतर लाकडांच्या, खालच्या अंगाला अरुंद पट्ट्या फटी सोडून ठोकल्या जात आणि त्यांवर केस कालवलेला चुन्याचा गिलावा तीन थरांत चढवला जाई. गिलाव्याची जाडी जागोजागी कमीअधिक ठेवता येत असल्यामुळे कड्यांचा उंचसखलपणा गवंड्याच्या थापीखाली निमूटपणे जिरून जाई. ऑगस्टीन सॅकेट यांना १८९४ मध्ये अमेरिकेत प्लास्टर आणि कागद यांच्या थरांच्या तक्त्याचे पेटंट मिळाले. त्या तक्त्याच्या वंशातील जिप्सम बोर्डाने विसाव्या शतकात ओल्या गिलाव्याची जागा घेतली, तेव्हा वेळ आणि चिखल वाचला खरा, पण ही सोयही गेली. सर्वत्र १२.५ मिलिमीटर जाडीचा बोर्ड वरच्या लाकडात जे असेल तेच खाली दाखवतो, आणि म्हणून छत सपाट करण्याची जबाबदारी गवंड्याकडून सुताराकडे आली.

जुन्या कड्या एकसारख्या क्वचितच असतात: काही कापतानाच कमीजास्त उंचीच्या निघालेल्या, काही वाळताना पिळलेल्या, काही मध्यावर झोल आलेल्या. सुतार दोरी ताणून किंवा लेझर लावून सर्वांत खाली उतरलेली कडी शोधतो आणि बाकीच्या तिच्या पातळीला आणतो. येथे सपाट आणि समतल यांतील भेद ध्यानात ठेवावा लागतो. संपूर्ण घरच एका बाजूला खचलेले असेल, तर काटेकोर समतल छत खिडकीच्या चौकटीशी तिरके दिसते, आणि अशा घरात किंचित कललेले पण सपाट छतच अधिक शहाणपणाचे. खाली आलेली कडी तासून टाकण्याचा मोह मात्र महागात पडतो, कारण कडीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: २०० मिलिमीटर उंचीची कडी सबंध लांबीभर १० मिलिमीटरने तासली, तर ताठपणाचा सुमारे सातवा हिस्सा जातो. त्यापेक्षा प्रत्येक कडीच्या कुशीला नवे सरळ लाकूड दोरीच्या रेषेत स्क्रूने जोडणे, किंवा कड्यांना आडव्या पट्ट्या मारून फटींत पाचरी भरणे बरे.

खरी कसोटी लोखंडी हँगरपाशी लागते. हँगर म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा, रिकिबीसारख्या आकाराचा आधार. तो मुख्य तुळईला ठोकलेला असतो आणि कडीचे टोक त्यात बसते. त्याचा तळ कडीच्या खाली पत्र्याच्या जाडीइतका, म्हणजे एकदोन मिलिमीटर, उतरतो, आणि तळातून ठोकलेल्या खिळ्यांची डोकी आणखी थोडी. आकडा क्षुल्लक वाटतो. पण हँगरवर टेकलेला बोर्ड जवळच्याच स्क्रूने लाकडाकडे ओढला, की जिप्समचा गाभा चुरतो किंवा स्क्रूचे डोके कागद फाडून आत जाते, आणि काही महिन्यांनी तेथे फुगवटा उमटतो. बोर्डाची पाठ खरवडून हँगरला जागा करणे हा त्याहून वाईट उपाय, कारण बोर्डाचे बळ बव्हंशी त्याच्या दोन्ही अंगांच्या कागदात असते. योग्य वेळ हँगर बसवण्याच्या आधीची: कडीच्या टोकाच्या तळाशी पत्र्याच्या जाडीइतकीच उथळ खाच घेतली, की पत्रा लाकडाशी एकपातळीत येतो. हँगर आधीच बसलेले असतील, तर साऱ्या कड्यांखाली पट्ट्या मारून हँगरच वर सोडून देणे इष्ट.

त्यानंतरचे काम ठरावीक आहे. बोर्ड कड्यांना आडवे लावतात, त्यांच्या टोकांचे सांधे एका रेषेत येऊ देत नाहीत, आणि स्क्रू साधारण २३० मिलिमीटर अंतरावर बसवतात. सांध्यांवर टेप लावून वर दोनतीन मिलिमीटरचा पातळ प्लास्टरचा हात फिरतो. त्या हाताने सांधे झाकतात, झोल नव्हे. खिडकीतून येणारा तिरपा उजेड छतावरून सरकू लागला की राहिलेला प्रत्येक उंचवटा सावलीसह दिसतो.

महाराष्ट्रातील वाड्यांत कडीपाट उघडाच ठेवला जाई, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवत नसे. मुंबईतील फ्लॅटमध्ये काँक्रीटच्या स्लॅबखाली पत्र्याचे चॅनेल टांगून, त्यांना साधारण ४५७ मिलिमीटर अंतरावर जोडलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांना, म्हणजे सेक्शनांना, बोर्ड लावला जातो, आणि स्लॅबचा उंचसखलपणा टांगत्या पट्ट्यांची लांबी बदलून मधल्या पोकळीत मुरवला जातो. ब्रिटनमध्येही टांगते छत करता येतेच, पण त्यासाठी खोलीची उंची खर्ची पडते, आणि जुन्या घरांच्या वरच्या मजल्यांवर ती मुळातच बेताची असते.