अपंगत्व-प्रमाणांचे एकत्रीकरण
अपंगत्व-प्रमाणांचे एकत्रीकरण : सैनिकी सेवेत जडलेल्या किंवा त्या सेवेमुळे वाढलेल्या एकाहून अधिक व्याधींची स्वतंत्र टक्केवारी एकत्र करून माजी सैनिकाच्या अपंगत्वाचे एकच संयुक्त प्रमाण ठरविण्याची अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पद्धती. माजी सैनिकास दरमहा मिळणारी करमुक्त भरपाई या संयुक्त प्रमाणावर अवलंबून असते. निरनिराळ्या व्याधींचे टक्के या पद्धतीत बेरजेने मिळवीत नाहीत. प्रत्येक पुढील व्याधीची टक्केवारी शरीराच्या उरलेल्या कार्यक्षमतेवर आकारतात. त्यामुळे संयुक्त प्रमाण हे साध्या बेरजेपेक्षा सामान्यतः कमी भरते.

पार्श्वभूमी : अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६२ च्या कायद्यान्वये, जखमी सैनिकाचे निवृत्तिवेतन त्याचा हुद्दा आणि अंगमेहनतीच्या कामास आलेली असमर्थता यांवरून ठरे. साध्या सैनिकास पूर्ण अपंगत्वाबद्दल महिन्याला ८ डॉलर मिळत. पहिल्या महायुद्धात उतरल्यानंतर अमेरिकेने ६ ऑक्टोबर १९१७ रोजी युद्धजोखीम विमा अधिनियमात दुरुस्ती केली आणि भरपाई नव्या तत्त्वावर आधारली. एखाद्या इजेमुळे नागरी व्यवसायांतील अर्जनक्षमता सरासरीने जितकी घटते, तितके त्या इजेचे प्रमाण, असे हे तत्त्व होय. विशिष्ट व्यक्तीचे प्रत्यक्ष उत्पन्न किती बुडाले, हे त्यात पाहत नाहीत. १९२५ च्या अनुसूचीत सैनिकाचा पूर्वीचा व्यवसाय विचारात घेतला जाई; पुढे १९३३ मध्ये सरासरीचे तत्त्व पुन्हा स्वीकारण्यात आले. आजची अनुसूची १९४५ च्या अनुसूचीवरून विकसित झालेली असून तिच्या निरनिराळ्या भागांत वेळोवेळी सुधारणा झालेल्या आहेत. तिची अंमलबजावणी १९३० मध्ये स्थापन झालेल्या माजी सैनिक प्रशासनाकडे होती. १९८९ मध्ये त्याचे रूपांतर मंत्रिमंडळाच्या दर्जाच्या विभागात झाले. कायद्यानुसार अपंगत्वाच्या १० ते १०० टक्क्यांपर्यंत दहादहाच्या अंतराने दहाच पायऱ्या आहेत. सेवेशी संबंध मान्य झाला, परंतु व्याधीची तीव्रता १० टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही, अशा व्याधीस शून्य टक्के प्रमाण देतात.

एकत्रीकरणाचे तत्त्व : अपंगत्व येण्यापूर्वी मनुष्य शंभर टक्के कार्यक्षम असतो, असे येथे गृहीत धरले आहे. पहिल्या व्याधीने या शंभरातील काही भाग हिरावून घेतला, की दुसऱ्या व्याधीस हिरावण्याजोगा भाग तेवढ्याने कमी उरतो. व्यापारात एकामागून एक दिलेल्या सुटीसारखाच हा हिशेब आहे. शंभर रुपयांच्या मालावर प्रथम २० टक्के आणि उरलेल्या किमतीवर १० टक्के सूट दिली, तर एकूण सूट ३० रुपये नसून २८ रुपये होते. मनुष्य शंभराहून अधिक टक्के अपंग होऊ शकत नाही, ही मर्यादा या रीतीने आपोआप पाळली जाते.

व्याधी त्यांच्या तीव्रतेच्या उतरत्या क्रमाने मांडून गणना करतात. उदा., एका माजी सैनिकास आघातोत्तर मनोविकाराबद्दल ५०, अर्धशिशीबद्दल ३० आणि कण्याच्या विकाराबद्दल २० टक्के प्रमाण मिळाले आहे. साधी बेरीज १०० होते. परंतु पहिल्या व्याधीनंतर त्याची कार्यक्षमता ५० टक्के उरते. अर्धशिशी या ५० चे ३० टक्के, म्हणजे १५ टक्के घेते व ३५ उरतात. कण्याचा विकार या ३५ चे २० टक्के, म्हणजे ७ टक्के घेतो व २८ उरतात. यावरून संयुक्त मूल्य ७२ येते. अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी अनुसूचीत एक एकत्रीकरण-कोष्टक दिलेले असून त्यावरून दोन-दोन प्रमाणांचे संयुक्त मूल्य पूर्णांकात थेट वाचता येते.

अखेरीस आलेले मूल्य जवळच्या दहाच्या पटीत बदलतात; एककस्थानी ५ किंवा अधिक असल्यास वरची पायरी धरतात. वरील उदाहरणातील ७२ चे त्यामुळे ७० टक्के होतात. हे पूर्णांकन सर्व व्याधी एकत्र केल्यानंतर एकदाच करावयाचे असते. नवी व्याधी पुढे मान्य झाली, तर ती ७० मध्ये नव्हे, तर मूळच्या ७२ मध्ये मिळवतात. माजी सैनिकाच्या हाती येणाऱ्या निर्णयपत्रातील प्रमाण पूर्णांकित असल्याने पुष्कळांचा अंदाज येथेच चुकतो.

मासिक रकमेवरील परिणाम : भरपाईचे दर कायद्याने निश्चित केलेले असून निर्वाह-खर्चातील वाढीनुसार त्यांत सामान्यतः दरवर्षी १ डिसेंबरपासून वाढ होते. १ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेले, अवलंबून असणारी व्यक्ती नसलेल्या माजी सैनिकाचे मासिक दर पुढीलप्रमाणे होते : १० टक्क्यांस १७५.५१ डॉलर, २० टक्क्यांस ३४६.९५, ३० टक्क्यांस ५३७.४२, ४० टक्क्यांस ७७४.१६, ५० टक्क्यांस १,१०२.०४, ६० टक्क्यांस १,३९५.९३, ७० टक्क्यांस १,७५९.१९, ८० टक्क्यांस २,०४४.८९, ९० टक्क्यांस २,२९७.९६ आणि १०० टक्क्यांस ३,८३१.३० डॉलर. हे दर प्रमाणाच्या सरळ पटीत वाढत नाहीत. शंभर टक्क्यांचा दर दहा टक्क्यांच्या दराच्या सुमारे बावीस पट आहे, तर ७० टक्क्यांचा दर पूर्ण दराच्या निम्म्याहूनही कमी आहे. वरील उदाहरणातील सैनिकाने साध्या बेरजेवर भिस्त ठेवून ३,८३१.३० डॉलरांची अपेक्षा केली असती, तर प्रत्यक्षात त्या दरांनुसार त्यास १,७५९.१९ डॉलर, म्हणजे दरमहा २,०७२.११ डॉलर कमी मिळाले असते.

पायऱ्यांची ही रचना आणि पूर्णांकन यांमुळे एकाच टक्केवारीच्या व्याधीची किंमत निरनिराळ्या सैनिकांच्या बाबतीत निरनिराळी ठरते. वरील सैनिकास कर्णनादाबद्दल आणखी १० टक्के मिळाले, तर ७२ वर ते एकत्र होऊन ७५ होतात व प्रमाण ८० टक्क्यांवर जाते. वरील दरांनुसार मासिक रक्कम २८५.७० डॉलरांनी वाढली असती. केवळ कर्णनाद असलेल्या सैनिकास मात्र त्या दरांनुसार १७५.५१ डॉलरच मिळत. याउलट, ८० व ५० टक्क्यांच्या दोन व्याधी असलेल्या सैनिकाचे संयुक्त मूल्य नेमके ९० असते. त्यास ४० टक्क्यांची तिसरी, चांगलीच तीव्र व्याधी मान्य झाली, तरी मूल्य ९४ होऊन प्रमाण ९० टक्केच राहते आणि मासिक रकमेत एका सेंटचीही भर पडत नाही. हीच तिसरी व्याधी ५० टक्क्यांची ठरल्यास मूल्य ९५ होते, प्रमाण १०० टक्के धरले जाते व वरील दरांनुसार रक्कम १,५३३.३४ डॉलरांनी वाढली असती. दहा टक्क्यांच्या नऊ व्याधींचे कोष्टकानुसार मूल्य ६१, म्हणजे प्रमाण ६० टक्के येते. दहावी व्याधी मिळताच मूल्य ६५ आणि प्रमाण ७० टक्के होते.

प्रमाणाच्या काही पायऱ्यांना इतर कारणांनीही महत्त्व आहे. संयुक्त प्रमाण ३० टक्के वा अधिक असल्यास पती किंवा पत्नी, मुले आणि अवलंबून असणारे आईवडील यांच्याकरिता जादा रक्कम मिळते. ५० टक्के वा अधिक प्रमाण असणाऱ्यास विभागाच्या आरोग्यसेवेत पहिला अग्रक्रम असतो. वीस वर्षे सेवा केलेल्या निवृत्त सैनिकास पूर्वी भरपाईइतकी रक्कम निवृत्तिवेतनातून सोडून द्यावी लागे. २००४ पासून ५० टक्के वा अधिक प्रमाण असणाऱ्यांना दोन्ही रकमा एकाच वेळी देण्यास टप्प्याटप्प्याने प्रारंभ झाला. म्हणून संयुक्त मूल्य ४४ येणे आणि ४५ येणे यांतील एका अंकाचे अंतर व्यवहारात फार मोठे ठरते.

विशेष नियम : (१) दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा उजव्या-डाव्या बाजूंचे जोडीचे स्नायू बाधित झाले असतील, तर मनुष्याला एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूने भरून काढता येत नाही. म्हणून अशा व्याधी प्रथम आपापसांत एकत्र करून येणाऱ्या मूल्याचा दहावा भाग त्यात बेरजेने मिळवतात. या वाढीस द्विपार्श्व घटक म्हणता येईल. उदा., उजव्या गुडघ्याचे २० व डाव्या गुडघ्याचे १० टक्के एकत्र करून २८ होतात, त्यांत २.८ मिळवून ३०.८, म्हणजे ३१ धरतात. या सैनिकास ५० टक्क्यांचा मनोविकारही असल्यास संयुक्त मूल्य ६६ व प्रमाण ७० टक्के येते. हा घटक नसता, तर मूल्य ६४ व प्रमाण ६० टक्केच आले असते. काही विरळ प्रसंगी या घटकाने अंतिम प्रमाण उलट कमी होत असे. तसे झाल्यास संबंधित व्याधी या गणनेतून वगळण्याची तरतूद २०२३ मध्ये करण्यात आली.

(२) एकच लक्षण निरनिराळ्या निदानांखाली पुन्हा मोजता येत नाही. एकाच इजेच्या दोन परिणामांची लक्षणे मात्र परस्परांहून भिन्न असतील, तर त्यांस स्वतंत्र प्रमाणे देता येतात. (३) एका अवयवाच्या सर्व व्याधींचे संयुक्त प्रमाण तो अवयव त्या पातळीवर छेदून टाकल्यास जे प्रमाण मिळाले असते, त्याहून अधिक असू शकत नाही. गुडघ्याखालील व्याधींसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे. (४) केवळ शून्य टक्क्यांच्या दोन वा अधिक कायम व्याधी असून त्यांमुळे नोकरी-व्यवसायात स्पष्ट अडथळा येत असेल, तर एकूण १० टक्के प्रमाण देता येते. अन्य सशुल्क प्रमाण असलेल्यास ही सवलत नाही.

पूर्ण दर मिळण्याचे अन्य मार्ग : सेवाजन्य व्याधींमुळे उपजीविकेपुरते नियमित काम करणे अशक्य झालेल्या सैनिकास, त्याचे प्रमाण १०० टक्के नसतानाही, पूर्ण दराने भरपाई देता येते. त्यासाठी एकच व्याधी असल्यास ती ६० टक्के वा अधिक, आणि अनेक असल्यास त्यांपैकी एक तरी ४० टक्के व संयुक्त प्रमाण ७० टक्के असावे, अशी सर्वसाधारण अट आहे. एकाच अपघातातून उद्भवलेल्या, एकाच इंद्रियसंस्थेच्या किंवा लढाईत झालेल्या अनेक इजा या अटीपुरत्या एक व्याधी म्हणून धरतात. या अटींत न बसणाऱ्या, परंतु काम करण्यास खरोखर असमर्थ असलेल्या सैनिकाचे प्रकरण विशेष विचारार्थ वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठविता येते.

शंभर टक्क्यांनंतरही स्वतंत्र व्याधींचा हिशेब संपत नाही. एकाच व्याधीबद्दल १०० टक्के प्रमाण असून तिच्याहून वेगळ्या व्याधींचे संयुक्त प्रमाण ६० टक्के वा अधिक असल्यास विशेष मासिक भरपाई मिळते. हात, पाय, डोळे इ. गमावल्याबद्दल किंवा नित्य परिचर्येची गरज असल्याबद्दलही अशा विशेष रकमा ठरविलेल्या आहेत.

मूल्यमापन : एकत्रीकरणाचे तत्त्व तर्कसंगत असले, तरी त्याबद्दल माजी सैनिकांत असंतोष आढळतो. पाठ आणि मन यांची दुखणी एकमेकांना कमी न करता पुष्कळदा वाढवितात. कोष्टक मात्र दुसऱ्या दुखण्याची किंमत नेहमी घटवूनच धरते, हा त्यावरील मुख्य आक्षेप होय. द्विपार्श्व घटक व रोजगार-अक्षमतेची तरतूद यांनी हा दोष अंशतः दूर होतो. सेनापती ओमर ब्रॅडली यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९५६ मध्ये या भरपाई-व्यवस्थेची तपासणी केली. त्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या अपंगत्व-लाभ आयोगाने २००७ मध्ये अहवाल सादर केला. भरपाई सरासरीने अर्जनक्षमतेच्या हानीशी जुळते. परंतु मानसिक व्याधींनी ग्रस्त झालेल्यांना आणि तरुणपणीच अपंगत्व आलेल्यांना ती अपुरी पडते, असे त्या आयोगासाठी झालेल्या अभ्यासात आढळून आले.

सरासरी हा या पद्धतीचा पाया असल्याने प्रत्येक व्यक्तीचे नुकसान तिच्यात तंतोतंत उतरणे शक्य नाही. यामुळेच माजी सैनिकाच्या दृष्टीने व्याधींच्या संख्येपेक्षा प्रत्येक व्याधीचे अचूक प्रमाण, पूर्णांकनापूर्वीचे संयुक्त मूल्य आणि लागू होणारे विशेष नियम यांची माहिती अधिक मोलाची ठरते.