उत्तर कोकणचा उन्हाळा आणि कापड बाजाराचा हिशेब

थंडीचा माल आवरून उन्हाळ्याच्या खरेदीची बोलणी सुरू असतात, त्याच दिवसांत म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस भारतीय हवामानशास्त्र विभाग मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात "यंदा उन्हाळा कडक" असा मथळा येतो. दलाल तो मथळा घेऊनच दुकानात शिरतो. "शेठ, या खेपेला वॉइल आणि मलमल कमी पडणार, आताच ऑर्डर लिहून टाका." आणि पुष्कळ दुकानदार तेवढ्यावर ऑर्डर लिहून टाकतात.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, हवामानाचे शास्त्रज्ञ नाही. पण पालघर, ठाणे, मुंबई, रायगड या किनारपट्टीत ज्यांचा धंदा आहे त्यांना एवढा मथळा पुरत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. सरकारी अंदाज काय सांगतो, काय सांगत नाही आणि त्याचा उपयोग कोणत्या कामासाठी करायचा, हे समजून घेतले तर भांडवल वाचते. न समजता घेतला तर खरा अंदाजसुद्धा नुकसान करून जातो. २०२५ सालचा मोसम याचे चांगले उदाहरण आहे.

२०२५ मध्ये काय घडले

त्या वर्षी फेब्रुवारीतच मुंबई-ठाण्याकडे पारा ३८ अंशांच्या पुढे गेला आणि हवामान खात्याला फेब्रुवारीतच उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत तो सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. महिनाअखेरीस जो अंदाज आला त्यात देशाच्या बहुतेक भागांत सरासरीपेक्षा जास्त उन्हाळा राहील असे म्हटले होते. साहजिकच दुकानदारांनी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुती माल खपेल असे धरले.

मे महिन्यात मात्र चित्र पालटले. अवकाळी सरी सुरू झाल्या. २४ मे रोजी मान्सून केरळात पोहोचला आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईसाठी मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून आहे. इतक्या लवकर आल्याची आधीची नोंद नाही. कुलाब्यात मे महिन्याच्या पावसाचा शंभर वर्षांहून जुना उच्चांक मोडला गेला. ज्या पंधरा दिवसांच्या भरवशावर शेवटचा माल भरला होता, ते पंधरा दिवस बाजाराला मिळालेच नाहीत. पातळ सुती कापड कपाटात राहिले, आणि गिऱ्हाईक छत्री व रेनकोट विचारू लागले.

हे केवळ कापडवाल्यांपुरते नाही. वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्या, किनाऱ्यावरची मिठागरे, सुकी मासळी करणारी कुटुंबे या सर्वांची कमाई मे महिन्याच्या कोरड्या उन्हावर असते. कच्ची वीट एका पावसात विरघळते, मिठागरात वर आलेले मीठ पुन्हा पाण्यात जाते. उन्हाळा किती तापला यापेक्षा तो कोणत्या तारखेला संपला, यावर त्यांची रोजी ठरते.

अंदाजाची भाषा

मोसमाचा अंदाज शक्यतेच्या भाषेत असतो. सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतके आणि सरासरीपेक्षा कमी असे तीन गट करतात. काहीच कल नसेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ३३ टक्के शक्यता येते. समजा नकाशात आपल्या भागाला "जास्त" गटात ५५ टक्के दाखवले, तर याचा अर्थ उरलेल्या ४५ टक्क्यांत उन्हाळा साधारण किंवा सौम्यही निघू शकतो. शंभरातल्या पंचेचाळीस वेळा उलटे होऊ शकते अशा सौद्यात कोणताही शहाणा व्यापारी सगळे भांडवल एका बाजूला लावणार नाही.

दुसरे म्हणजे हा अंदाज तीन महिन्यांचा एकत्रित असतो. मार्च तापला आणि मे भिजला तरी बेरीज "सरासरीपेक्षा जास्त" येऊ शकते. मालाची विक्री मात्र आठवड्या-आठवड्याने होते. म्हणून एकाच अंदाजावर न थांबता पुढचे अंदाजही पाहिले पाहिजेत. मार्चअखेरीस एप्रिल ते जूनचा सुधारित अंदाज येतो. दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. एप्रिलच्या मध्याला मान्सूनचा पहिला अंदाज येतो आणि मेच्या मध्याला मान्सून केरळात कधी पोहोचेल ती तारीख सांगतात, तीत चार दिवस इकडेतिकडे धरलेले असतात. हे सर्व फुकट मिळते. खात्याचे "मौसम" हे अ‍ॅपही मोबाईलवर चालते.

किनाऱ्याचा उन्हाळा वेगळा

आपल्याकडचा उन्हाळा विदर्भासारखा नाही. नागपूरला मे महिन्यात ४२ अंश ही रोजची गोष्ट, तर मुंबईत मार्च ते मे दिवसाचे सरासरी कमाल तापमान ३३ अंशांच्या आसपास असते. म्हणून उष्णतेच्या लाटेचा नियमही वेगळा आहे. मैदानी भागात पारा किमान ४० वर जावा लागतो. किनाऱ्यावर तो ३७ वर गेला आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असला की लाट धरतात. ३७-३८ चा आकडा वाचून बेफिकीर राहण्याचे कारण नाही, ते यासाठी.

हा आकडा कशाने चढतो-उतरतो ते कळणे सोपे आहे. सकाळी जमीन तापते, हवा वर जाते आणि दुपारच्या सुमारास समुद्रावरचा वारा आत शिरतो. तो आला की पारा थांबतो. पण पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून, कोरडा वारा जोरात वाहत असेल तर समुद्राचा वारा दोन-तीन तास अडून राहतो आणि तेवढ्यात पारा ३८-४० पर्यंत उडी घेतो. असे मुख्यतः मार्च आणि एप्रिलच्या सुरुवातीला घडते. त्यामुळेच मुंबईत मे महिन्यापेक्षा मार्चमध्ये पारा जास्त चढल्याचे अनेकदा दिसते. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंशांची नोंद झाली होती.

एप्रिलअखेरीपासून दुसरा उन्हाळा सुरू होतो, तो घामाचा. पारा ३४-३५ वर असतो, पण हवेत दमटपणा इतका की घाम सुकत नाही आणि रात्रीही आराम पडत नाही. गिऱ्हाईक खऱ्या अर्थाने मऊ, विरळ, घाम टिपणारे सुती कापड मागते ते याच काळात. पहिल्या उन्हाळ्यात उन्हापासून अंग झाकणारे, थोडे जाड पॉपलीन आणि ओढण्या-रुमालही चालतात. दुकानाची मांडणी या दोन भागांप्रमाणे बदलली तर त्याचा फरक गल्ल्यात दिसतो.

ईद पुढे सरकली आहे

आपल्या बाजाराला आणखी एक गोष्ट लागू आहे. चंद्राचे वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान ईद दरसाल अलीकडे येते. २०२२ मध्ये ती ३ मे रोजी होती, २०२३ मध्ये २२ एप्रिलला, २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला. म्हणजे ज्या वर्षांत ईद एप्रिल-मेमध्ये होती, त्या वर्षांत उन्हाळ्याचा सुती माल ईदच्या खरेदीत आपोआप निघून जात होता. आता ईद उन्हाळ्याच्या तोंडाशी आली आहे आणि ती आणखी मागे थंडीत जाणार. एप्रिल-मेचा माल पुढची बरीच वर्षे फक्त ऊन आणि लग्नसराई यांच्या जोरावर विकावा लागेल. जुन्या वह्यांतले मे महिन्याचे आकडे पाहून ऑर्डर देणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

माल किती आणि केव्हा भरावा

एक साधा हिशेब मांडतो. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत.

एका दुकानाला मोसमात सुती मालाचे ३०० ताके लागतात आणि ताका ४,००० रुपयांना पडतो असे धरू. यातले शेवटचे ५० ताके मेच्या उत्तरार्धात विकायचे असतात. ते फेब्रुवारीतच घेतले तर भाव स्वस्त. मेच्या मध्याला घेतले तर समजा ५ टक्के महाग, म्हणजे ५० ताक्यांवर १०,००० रुपये जास्त. पण आधी घेऊन ठेवले आणि पाऊस लवकर आला, तर तोच माल २० टक्के तोडून काढावा लागतो, म्हणजे ४०,००० रुपयांचे नुकसान.

आता पाच मोसम धरा. चार वेळा थांबून दहा-दहा हजार जास्त मोजले, तर ४०,००० गेले. पाचव्या वेळी पाऊस लवकर आला आणि माल घेतलाच नाही, तर ४०,००० वाचले. हिशेब बरोबरीत सुटला. याचा अर्थ, पाच मोसमांत एकापेक्षा जास्त वेळा उन्हाळा लवकर मोडणार असेल तर थांबणे फायद्याचे.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळच्या समुद्रातून गेले, कुलाब्यात ताशी ११४ किलोमीटर वेगाचे वारे वाहिले. २०२५ मध्ये मान्सूनच पंधरा दिवस आधी आला. पहिल्या दोन वर्षी टाळेबंदीमुळे बाजार तसाही थंड होता, पण हवामानापुरते बोलायचे तर सहा मोसमांत तीन वेळा शेवटचे दिवस बिघडले.

म्हणून आमचे मत असे की ३०० पैकी निम्मा माल फेब्रुवारीत घ्यावा, शंभर ताक्यांचा निर्णय मार्चअखेरीच्या सुधारित अंदाजावर घ्यावा आणि शेवटचे ५० ताके केरळची तारीख कळल्याशिवाय घेऊ नयेत. लहान दुकानदाराला हे जास्तच लागू, कारण त्याचा माल उधारीवर असतो. पाऊस लवकर आला म्हणून तकाजा थांबत नाही.

माग आणि गोदाम

यंत्रमागवाल्यांसाठीही दोन्ही उन्हाळे वेगळे आहेत. सुती सूत चांगले चालायला शेडमध्ये ७५ ते ८० टक्के आर्द्रता असावी लागते. मार्चच्या कोरड्या पूर्वेच्या वाऱ्यात ती घसरते आणि ताण्याचे धागे जास्त तुटतात. अशा दिवसांचा इशारा आदल्या दिवशी मिळाला तर जमिनीवर पाणी मारण्याची सोय करता येते. मेच्या दमट दिवसांत उलटे होते. सायझिंग केलेले बीम नीट सुकले नाहीत तर बुरशी धरते.

गोदामात मेच्या पहिल्या आठवड्यातच गाठी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर घ्याव्यात. पत्रे आणि पन्हळी जूनची वाट न पाहता तपासाव्यात. टेंपोवर ताडपत्री मेच्या मध्यापासून असावी. विम्याच्या पॉलिसीत वादळ आणि पुराचे कलम आहे की हप्ता कमी करण्यासाठी वगळले आहे, तेही एकदा वाचून घ्यावे. १३ मे २०२४ रोजी धुळीच्या वादळात घाटकोपरला जाहिरातीचा प्रचंड फलक कोसळून १७ माणसे गेली. मे महिन्यातले वादळ काही मिनिटांचे असते, पण सैल पत्रा आणि कच्चा मांडव त्याला पुरतो.

कारीगराचा जीव

मालाचा हिशेब पुन्हा जुळवता येतो, माणसाचा नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावरील जाहीर समारंभात उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी पारा ४० च्या आतच होता. दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर थंड होत नाही आणि माणूस कोसळतो. सिमेंटच्या पत्र्याखाली, चालू मागांच्या गरमीत बारा तास उभा असलेला कारीगर याच धोक्यात असतो. हमाल आणि हातगाडीवालेही तसेच.

खर्च फार नाही. छताला बाहेरून पांढरा चुना मारला की आतली गरमी कमी होते. अहमदाबादेत २०१३ पासून महापालिकेच्या उष्णता आराखड्यानुसार काम चालते, आणि तिथे गरीब वस्त्यांच्या छतांना असा पांढरा रंग दिला आहे. थंड पाण्याचा माठ, ओआरएसची पाकिटे, दुपारी एक ते चार जड काम बंद. खात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिला, किंवा "उष्ण व दमट हवामान" असे नुसते म्हटले, तरी त्या दिवशी गाडी सकाळी दहाच्या आत किंवा सायंकाळी भरावी. कोणाला चक्कर आली, बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले तर सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

पुढच्या फेब्रुवारीअखेरीस अंदाज आला की तो मथळ्यापुरता न वाचता आपल्या भागाचा नकाशा आणि टक्के पाहावेत, दुकानातल्या कॅलेंडरवर मार्चअखेर, मध्य एप्रिल आणि मध्य मे या तीन तारखांवर खूण करावी, आणि दलालाला शेवटच्या ५० ताक्यांचे उत्तर त्या तिसऱ्या खुणेनंतर द्यावे.