ओल्ड वॉर्डनचा ओला रविवार

सकाळी 6:15
मिल्टन कीन्समधला एका फोटोग्राफर मुलीचा फ्लॅट. जुन्या विमानांचे फोटो काढायला ती निघालीय, आज मीही तिच्याबरोबर. जमिनीवर सामान मांडलंय. दोन कॅमेरे, चार बॅटऱ्या, सिलिका जेलच्या पुड्या, जुन्या सुती टी-शर्टचे तुकडे, झिपच्या पिशव्या. मोठी लेन्स भाड्याची, दोन दिवसांचे 64 पौंड. काल तिने एका घरी बारशाचे फोटो काढले. त्यातले पैसे या लेन्सला गेले.

मोबाइलवर दिवसभर ढग आणि पाऊस. दुपारी दोनच्या पुढे थोडी उघडीप.

"तेवढी पुरे," ती म्हणते आणि पोळीभाजीचा डबा बॅगेत कोंबते.

8:20
गाडीत पेट्रोल, 15 पौंड. तिचे वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर होते. मिगच्या आवाजात लहानपण गेलं. "पण ती विमानं दिसायच्या आत निघून जायची. ही जुनी विमानं थांबतात, बघू देतात." वायपर फटाफट चालू आहेत.

9:30
बेडफर्डशायरमधलं ओल्ड वॉर्डन. धावपट्टी गवताची. रिचर्ड शटलवर्थ या हौशी तरुणाने इथे जुनी विमानं आणि मोटारी जमवल्या. 1940 मध्ये, हवाई दलात असताना, उड्डाणातच तो गेला. आईने त्याच्या आठवणीसाठी 1944 मध्ये ट्रस्ट केला. त्यामुळे ही विमानं उडत राहिली. आज त्यांच्या उड्डाणांचा कार्यक्रम आहे.

ती कुंपणाच्या दोरीपाशी जागा धरते. ही दोरी मध्ये वळते. तिच्याभोवती विमान कलून वळलं, की पाठ दाखवतं. दोन्ही पंखांचा वरचा भाग मिळतो. या वळणासाठी लोक पहाटेपासून येतात.

मी छत्री उघडतो.

"काका, छत्री नको. मागच्यांच्या फोटोत येते."

छत्री मिटतो. टोपी भिजते.

11:00
पाऊस जोरात. आम्ही हँगरमध्ये. आत शिरताच लेन्सवर वाफ धरते. ती पुसत नाही. काच आपोआप मोकळी होईपर्यंत पंधरा मिनिटं थांबते. पुसलं तर पुन्हा धरते, आणि घाईत ओरखडा पडला तर भाड्याच्या लेन्सची भरपाई द्यावी लागेल.

समोर ब्लेरिओ, 1909 चं. 25 अश्वशक्तीचं इंजिन. हे विमान 1912 मध्ये मोडलं, पुढे रेल्वेच्या कमानीखाली धूळ खात पडलं आणि 1935 मध्ये शटलवर्थच्या हाती आलं. अजून अधूनमधून जमिनीपासून थोडं वर उठतं, सरळ रेषेत, तेही वारा अजिबात नसेल तरच. एक मेकॅनिक त्याच्या तारा बोटाने दाबून ताण तपासतोय. ती त्या बोटांचे फोटो काढते. नखांत ग्रीस आहे. मला हे फोटो आकाशातल्या फोटोंइतकेच मोलाचे वाटतात.

12:40
चहा 2 पौंड 80 पेन्स. भाजी-पोळी गाडीतच खातो, काचा धुरकटतात. कार्यक्रम सुरू होईल की नाही, कुणी सांगत नाही. दोन पायलट कोरडे कोट घालून मैदानाच्या कडेला उभे, नुसते वारा दाखवणाऱ्या विंडसॉककडे बघत. पावसाचे थेंब वेगाने आदळले तर लाकडी पंख्याची धार झिजते. असा पंखा नव्याने करणारे हात आता थोडे उरलेत. म्हणून पाऊस असेल तर उड्डाण नाही. प्रेक्षक कितीही लांबून आलेले असोत. हा नियम मला फार पटतो.

2:25
उघडीप. लोक धावत दोरीकडे. फोर्ड मॉडेल टीच्या सांगाड्यावर बसवलेला हक्स स्टार्टर येतो. त्यावरचा लांब दांडा ब्रिस्टल फायटरच्या पंख्याच्या मध्यात अडकतो, फोर्डचं इंजिन घुरघुरतं, पंखा फिरतो, दांडा सुटतो. ती गुडघ्यावर बसते. पँट लगेच चिखलाची.

2:50
सॉपविथ पप. पहिल्या महायुद्धातलं लढाऊ विमान. याचे नऊही सिलिंडर पंख्याबरोबर गरगरतात. वंगणाला एरंडेल, तेही परत न येणारं: जळतं, बाहेर फेकलं जातं. वास मैदानभर पसरतो. लहानपणी एरंडेल प्यालेल्या माणसाला तो लगेच ओळखू येतो.

इंजिन मिनिटाला साधारण 1200 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 20. शटर 1/1000 ठेवलं, तर पंखा थांबलेला दिसतो आणि विमान दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं. 1/100 ठेवलं, तर तेवढ्यात पंखा पाचवा हिस्सा फिरतो. फोटोत फिरण्याचा पुसट वर्तुळाकार पट्टा येतो. पण मग हात हलता कामा नये. ती कोपर छातीला घट्ट धरते, कंबरेतून वळते, श्वास अर्ध्यावर थांबवते. बटण दाबलेलं. खटाखट खटाखट. यातले बहुतेक फोटो हललेले निघणार, हे तिला आधीच माहीत आहे.

उन्हात एवढं संथ शटर ठेवायला लेन्सचं भोक फार बारीक करावं लागतं, मग सेन्सरवरची धूळ दिसते. ढगांत ते सहज जमतं. मात्र पांढुरक्या आभाळाने कॅमेरा फसतो, विमान काळवंडतं. ती एक्स्पोजर दीड स्टॉप वर नेते. आभाळ पांढरंफटक झालं तर होऊ दे. कापडामागच्या लाकडी फासळ्या दिसल्या पाहिजेत.

4:05
पुन्हा भुरभुर. कॅमेऱ्यावर पिशवी. मग पाऊस थांबतो, आणि काळंभोर लायसँडर उठतं. थोड्याच धावेत वर. दुसऱ्या महायुद्धातल्या रात्रीच्या गुप्त मोहिमांचा हा रंग. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला 1941 मध्ये मुंबईच्या युद्धनिधीतून हीच विमानं मिळाली. बॉम्बे स्क्वाड्रन म्हणून ते ओळखलं गेलं आणि 1942 मध्ये ब्रह्मदेशात लढलं. समोरचं विमान त्यांतलं नव्हे. तरी मला ते परकं वाटत नाही.

5:40
बॉक्सकाइट बाहेर काढतात. 1910 च्या विमानाची प्रतिकृती, 1960 च्या दशकात सिनेमासाठी बांधलेली. ब्रेक नाहीत, म्हणून माणसं टोकं धरून चालतात. गर्दी निम्मी उरलीय. पायलट वारा पडायची वाट बघतो. विंडसॉक पडतो, उचलतो, पुन्हा पडतो. वीस मिनिटं अशीच जातात. पायलट मान हलवतो.

विमान ढकलत परत आत. एक मुलगी पंखा कोरडा होईपर्यंत त्यावरचं पाणी फडक्याने पुसते. बाकीचे फोटोग्राफर निघून जात आहेत. ती मात्र अजून फोटो काढतेच आहे.

रात्री 10:45
फोटो 1,900 हून जास्त. ठेवणीतले 40. एका मासिकाला दोन हवेत, फोटोमागे 35 पौंड, तेही छापून आल्यावर. दुसऱ्याला कॅलेंडरसाठी पपचा एक हवाय. त्याचा मेसेज: आकाश निळं करून द्या, 120 देतो. आता सॉफ्टवेअरमध्ये एका बटणावर होतं ते.

ती लिहिते: आकाश राखाडीच आहे, हवा असेल तर 60.

मेसेज पाठवून ती लेन्स पुसायला घेते. सकाळी दहाच्या आत परत करायची आहे.