पाण्यातलं पिंप आणि शेजारधर्म

उत्तर कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटो खोऱ्यात डिसेंबरात नजर टाकाल तिकडे पाणी असतं. त्यात लव्हाळ्याचे पुंजके आणि बदकांचे थवे. माणूस दिसत नाही. पण एखाद्या पुंजक्याच्या आत जमिनीत छातीइतकं खोल पिंप पुरलेलं असतं आणि त्यात दोन माणसं केवळ डोळे वर ठेवून पहाटेपासून बसलेली असतात. हे ब्लाइंड, म्हणजे बदकांच्या शिकाऱ्याचं लपण. श्रीमंत क्लबांची खासगी लपणं या खोऱ्यात चिकार आहेत. तिथे कोणी कसं वागावं हे सभासद आपापसात बघून घेतात. खरी मजा आहे ती सरकारी अभयारण्यातल्या सामायिक लपणात. तिथे जागा कोणाचीच नसते, बसणारे रोज वेगळे असतात, आणि एकाच दिवशी सकाळी एक जोडी उठून गेली की दुपारी दुसरी येऊन बसते. आपल्याकडच्या पाटाच्या पाण्याच्या पाळीसारखाच हा कारभार आहे: कागदावर दोन ओळी आणि बाकी सगळं माणसांच्या वागण्यावर.

विलोज या गावाजवळचं सॅक्रॅमेंटो राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य १९३७ साली सुरू झालं. आधी ही जमीन कोरडी, क्षारपड होती. मंदीच्या काळात सरकारने बेकार तरुणांसाठी जे ‘सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर’ उभं केलं होतं, त्यातल्या पोरांनी इथे बांध घातले, चर खणले आणि पाणी फिरवलं. हेतू दुहेरी होता. कॅलिफोर्नियातल्या पाणथळ जागांपैकी बहुतेक जागा शेती आणि वस्तीने गिळल्या होत्या, तेव्हा उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांना उतरायला जागा हवी होती. आणि तीच पाखरं भुकेपोटी भाताच्या पिकावर तुटून पडत होती, त्यांना दुसरीकडे वळवायचं होतं. अभयारण्यात शिकार कशी, असा प्रश्न आपल्याला पडतो. तिथला कायदा असा, की पाखरांना निर्धोक आसरा म्हणून घेतलेल्या जमिनीचा साधारणपणे चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त भाग पाणपक्ष्यांच्या शिकारीला खुला करता येत नाही. उरलेला भाग बंद. हंगाम ऑक्टोबरअखेर ते जानेवारीअखेर, आणि त्यातही शिकार बुधवार, शनिवार, रविवार एवढीच.

जागा मिळते सोडतीने. अर्ज करायचा, नाव निघालं तर त्या तारखेला पहाटे चेक स्टेशनवर हजर व्हायचं. नाव न निघालेले लोक तरीही येतात आणि वेगळ्या रांगेत उभे राहतात. ‘स्वेट लाइन’ म्हणतात तिला. कोणी आलं नाही, कोणी लवकर परतलं, की या रांगेतल्या पुढच्याला ती जागा. परतताना प्रत्येकाने चेक स्टेशनवर थांबायचं, मारलेली पाखरं दाखवायची. कोणत्या जातीची किती याची नोंद होते आणि परवाना जमा होतो. तो जमा होईपर्यंत रांगेतला माणूस ताटकळलेला असतो. म्हणून पहिली रीत इथेच सुरू होते: आपला कोटा भरला, तर गप्पा छाटत बसू नये. सामान आवरावं आणि निघावं. हे कुठल्या पत्रकात ठळक अक्षरांत लिहिलेलं नसतं, पण दुपारी बारापर्यंत नुसतं सँडविच खात बसलेल्या माणसाकडे रांगेतले लोक कसे बघतात ते एकदा पाहिलं की पुरे.

आता ते पिंप. पोलादाचं किंवा फायबरग्लासचं, आत लाकडी फळी किंवा फिरतं आसन, काठाशी बंदूक टेकवायला जागा. ऐकायला सोपं, सांभाळायला महाकटकटीचं. पावसाचं पाणी आत साचतं, म्हणून सकाळी पहिलं काम हातपंपाने किंवा बादलीने पाणी उपसण्याचं. उलट, पिंप पुरतं कोरडं असेल आणि भोवतालच्या जमिनीतलं पाणी चढलं, तर नीट न रोवलेलं रिकामं पिंप होडीसारखं वर उचललं जातं. मग तिरपं झालेलं ते धूड पुन्हा बसवायला यंत्रच आणावं लागतं. उन्हाळ्यात झाकणाखाली गांधीलमाश्या घर करतात. उंदीर फळी कुरतडतात. तळाशी चिखल आणि त्या चिखलात मागच्याच्या मागच्याने टाकलेली काडतुसांची प्लॅस्टिकची टरफलं. बूट आत टाकला की ती कुरकुरतात, आणि कोण कसा आहे हे शिकाऱ्याला तिथेच कळतं.

लपणाचा जीव असतो तो वरच्या पालापाचोळ्यात. याला तिकडे ‘ब्रशिंग’ म्हणतात. पाणकणसाची पाती, लव्हाळं, वाळुंजाच्या फांद्या, भाताचा पेंढा, जे आजूबाजूला उगवतं तेच आणून जाळीत खोचायचं. वेगळ्या रंगाचा झुबका चालत नाही. बदकाला वरून ते चौकोनी काळं भोक दिसलं की खेळ संपला. हे काम हंगामाच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, अभयारण्याचे कर्मचारी आणि स्वयंसेवक मिळून करतात. १९४५ साली स्थापन झालेल्या ‘कॅलिफोर्निया वॉटरफाउल असोसिएशन’सारख्या संस्थांचे लोक यात असतात. ऐन उन्हात, डासांत, गुडघाभर चिखलात दिवसभर राबायचं, आणि आपण सजवलेल्या लपणात आपल्याला एकदाही बसायला मिळेल याची खात्री नाही, कारण सोडत. मला या सगळ्या प्रकारात हे लोक सर्वांत मोठे वाटतात. बंदूक चालवणं कोणालाही शिकता येईल.

हंगाम सुरू झाला की पाला झडतो, कुत्री तुडवतात, वारा उडवून नेतो. मग जो बसेल त्याने थोडी भर घालायची. पण लपणाला लागून असलेलं उभं लव्हाळं मात्र तोडायचं नाही, कारण ती पुढच्याची भिंत आहे. आळशी माणूस नेमकं तेच तोडतो. जानेवारीपर्यंत पिंपाभोवती बोडकं मैदान होतं आणि मग ‘इथे पाखरू उतरतच नाही’ अशी तक्रार सुरू होते.

आत बसलेल्यांची आपसातली शिस्त साधी आणि कडक असते. डावीकडच्याने डावीकडचं पाखरू घ्यायचं, उजवीकडच्याने उजवीकडचं. जोडीदाराच्या डोक्यावरून नळी फिरवायची नाही. ‘आता’ असं एकानेच म्हणायचं. नवखा किंवा पाहुणा असेल तर चांगली बाजू त्याची. थवा वर घिरट्या घालत असताना मान खाली. उघडा चेहरा पाण्यावर ताटलीसारखा चमकतो आणि वर बघायचा मोह आवरत नाही तो सगळ्यांची सकाळ घालवतो. कुत्रा पाण्यात गेला की बंदुका थंड. पडलेलं पाखरू आधी आणायचं, पुढचं नंतर. शोधण्याचा रास्त प्रयत्न न करता पडलेलं पाखरू सोडून देणं हा तर गुन्हाच आहे. आणि दोघांनी एकाच वेळी गोळी झाडली, पाखरू कोणाचं ते कळेना, तर ‘तुमचं’ म्हणायचं. मुरलेला शिकारी हे इतक्या चटकन म्हणतो, की वाद घालायला कोणी उरत नाही.

खरा प्रश्न शेजारच्या लपणाचा आहे. ठरवून दिलेल्या जागेपासून शंभर फुटांच्या आतच शिकार करायची, एवढं नियम सांगतो. आवाज, अधीरपणा आणि छरे मात्र शंभर फुटांत राहत नाहीत. बदक एकदम उतरत नाही. पाण्यावर मांडलेली प्लॅस्टिकची बदकं त्याला दिसतात, शिट्टीची साद ऐकू येते, तरी ते तीन-चार फेऱ्या मारतं, प्रत्येक फेरीत थोडं खाली येतं. या वेळात शेजाऱ्याने आपली शिट्टी बंद ठेवायची, पाण्यात उभं राहायचं नाही, आपली प्लॅस्टिकची बदकं गोळा करायला निघायचं नाही. थवा आता त्या दुसऱ्याचा.

याच्या नेमकं उलट वागणं म्हणजे ‘स्कायबस्टिंग’. सामायिक लपणांच्या जगात याहून मोठी शिवी नाही. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छरे बंद आहेत. तळाशी पडलेलं शिसं बदकं खड्यांबरोबर गिळत आणि विषबाधेने मरत. त्याऐवजी आलेला पोलादी छरा हलका, लवकर वेग गमावणारा. पस्तीस-चाळीस यार्डांपलीकडे त्याचा भरवसा नाही. तरी एखादा उतावळा साठ-सत्तर यार्डांवरच्या थव्यावर बार काढतो. मग एक तर थवा उसळून निघून जातो आणि चार लपणांतल्या आठ माणसांची मेहनत फुकट जाते. नाहीतर एखाद-दुसरा छरा लागलेलं पाखरू तरंगत दूर लव्हाळ्यात जातं आणि तिथे मरतं. ते चेक स्टेशनच्या कोणत्याही वहीत येत नाही.

अशा उतावळ्यांना आळा म्हणून या खोऱ्यातल्या अभयारण्यांत आता माणशी पंचवीसच काडतुसं आत नेता येतात. शिकारीच्या अनेक नियमांमागची गोष्ट अशीच आहे. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं बसतील असा अडसर, जिवंत बदकं आमिष म्हणून बांधण्यावरची बंदी, दाणे टाकून पाखरं जमवण्यावरची बंदी, हे सगळं १९३५च्या सुमाराचं. लोक आपणहून हात आखडते घेईनात, तेव्हा सरकारने आखडले. आजही कॅलिफोर्नियात दिवसाला सात बदकं हा कोटा आहे आणि त्यात मालार्ड या जातीच्या माद्या दोनच. पाखरांपुरता कायदा एवढा बारीक आहे; माणसांनी माणसांशी कसं वागायचं हे मात्र त्याने बहुतांशी सोडून दिलं आहे, आणि सगळी भांडणं नेमकी तिथेच होतात.

टेनेसीतल्या रीलफुट सरोवराचं उदाहरण घ्या. १८११-१२च्या प्रचंड भूकंपांत जमीन खचून हे सरोवर तयार झालं. सायप्रसच्या झाडांमध्ये लाकडी खांबांवर उभी केलेली तिथली लपणं म्हणजे अक्षरशः छोटी घरं: बाक, गॅसची शेगडी, कुत्र्यासाठी उतरण, खाली होडी लपवायला जागा. सकाळी तव्यावर अंडी आणि बेकन. टेनेसीत सार्वजनिक जागांवरच्या अशा लपणांची सोडत पूर्वी लोक प्रत्यक्ष जमून काढत, तो एक उत्सवच असे. नाव निघण्याची शक्यता वाढावी म्हणून गावभरचे भाचे-पुतणे उभे करणं, मिळालेली जागा परस्पर विकणं अशा तक्रारी साचत गेल्या आणि अलीकडे सोडत ऑनलाइन झाली. जुने लोक हळहळले. मला त्यांची हळहळ कळते, पण बाजू घ्यायची तर मी ऑनलाइन सोडतीची घेईन. जी जागा सर्वांची आहे ती पिढीजात होऊ लागली की तिची वहिवाट होते. व्हर्जिनियाने आणखी सरळ उपाय केला आहे: परवाना असलेल्या दोन लपणांत पाचशे यार्डांचं अंतर. भांडायला आवाजच पोहोचत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला या सगळ्यात एक खटकणारी गोष्ट असणारच, आणि ती झाकण्यात अर्थ नाही: एवढी सभ्यता शेवटी पाखरू मारण्यासाठीच. आपणही हे पाहिलेलं आहे. भरतपूरच्या केवलादेवमध्ये आजही दगडी फलक उभा आहे. १२ नोव्हेंबर १९३८ला व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरं पडल्याची नोंद त्यावर कोरलेली आहे. तिथेही लपणं होती, पण तिथला शिकारी पाहुणा होता; पाला खोचणारे, पाखरं गोळा करणारे हात दुसऱ्यांचे. पुढच्याचा विचार करण्याचं त्याला कारणच नव्हतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपण तो प्रकार मोडीत काढला, हे उत्तमच झालं. अमेरिकेने वेगळी वाट धरली. १९३४ पासून तिथे पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला ‘डक स्टॅम्प’ घ्यावा लागतो. तेव्हा एक डॉलर, आता पंचवीस. पहिल्या तिकिटाचं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराचं. या तिकिटांतून आजवर एक अब्ज डॉलरहून जास्त पैसा उभा राहिला आणि तो जवळजवळ सगळा पाणथळ जमिनी घेण्यावर खर्च झाला. त्या पाण्यावर उतरणाऱ्यांत तलवार बदक आणि थापट्या या उजनीला आणि नांदूरमधमेश्वरला येणाऱ्या जातीही आहेत. थापट्याला तिकडचे शिकारी नाक मुरडतात. आपल्याकडे त्याच्या फावड्यासारख्या चोचीसाठी लोक कॅमेरे घेऊन होडीत बसतात.

तुमचं कोणी बे एरियात असेल आणि तुम्ही नाताळच्या सुमारास तिकडे जाणार असाल, तर अडीच-तीन तासांवरच्या विलोजला जरूर जा. सॅक्रॅमेंटो अभयारण्यात सहा मैलांचा मोटाररस्ता आहे. त्या भागात शिकार नाही आणि स्नो गूजचे हजारोंचे थवे रस्त्यालगत उतरतात. डक स्टॅम्प शिकार न करणाऱ्यालाही विकत घेता येतो आणि तो असला की प्रवेशाचं वेगळं शुल्क पडत नाही. फक्त ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीबाहेर पाऊल टाकू नका, पाखरं उडाली तर मागून येणाऱ्या गाडीला काही दिसत नाही. तिथे गाडी हेच तुमचं लपण.